बाईची शैली की बाईची जागा?

स्त्री कादंबरी लिहू लागली की ती पुरुषाहून वेगळ्या शैलीत लिहिते काय? हा प्रश्न मराठी समीक्षेत जुना आहे. चर्चासत्रांत तो ठरावीक काळाने निघतो, दोन्ही बाजूंनी थोडी भाषणे होतात आणि चहाच्या वेळी मंडळी पांगतात. मी भंडारा जिल्ह्यातील शहापूरची. शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. विहारातल्या रविवारच्या वाचनात कॉलेजच्या मुली हाच प्रश्न मला विचारतात, तेव्हा त्यांच्यापुढे दोन तयार उत्तरे असतात. स्त्रीमुक्तीच्या पुस्तकांतून आलेले उत्तर असे की, होय, स्त्रीची शैली वेगळीच असते. ती कोमल, अंतर्मुख, तुकड्यातुकड्यांनी बोलणारी असते. दुसरे उत्तर आमच्याच चळवळीतल्या भावांचे. ते म्हणतात, दलित साहित्याचा आशय जातीच्या वेदनेचा आहे, त्यात बाई आणि बुवा हा भेद कशाला काढायचा?

मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्या उत्तरात 'स्त्री' म्हणून जी उभी असते ती बहुधा पांढरपेशा घरातली असते. दुसऱ्या उत्तरात 'दलित' म्हणून जो उभा असतो तो बहुधा पुरुष असतो. धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणारी, घरी येऊन विड्या वळणारी आमची बाई दोन्हीकडून गळते. म्हणून हा प्रश्न आपण इतिहासाच्या अंगाने तपासला पाहिजे. 'बायकी शैली' म्हणून जे ओळखले गेले ते कोणी घडवले, केव्हा घडवले आणि त्यात कोण बसले नाही, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

१. पुरुषांनी बोललेली बाई

मराठीत बाईच्या तोंडून बोलण्याची परंपरा बरीचशी पुरुषांनी चालवली आहे. संतांच्या गौळणी आणि विराण्या पाहा. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत पुरुष संतांनी स्त्रीचे रूप घेऊन विरह गायिला. आमच्या झाडीपट्टीत दंडारीमध्ये बाईचे सोंग पुरुषच घेत आले. लुगडे नेसून, मान वेळावून, आवाज बारीक करून तो बोलला की रात्रभर बसलेले गाव त्याला बाई म्हणून स्वीकारी. शहरात हेच काम बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) केले, आणि तेथे तर गंमत अशी झाली की खऱ्या घरंदाज बायका त्यांच्यासारखे नेसू-सवरू लागल्या. बाईने कसे दिसावे, कसे बोलावे, याचा वस्तुपाठ बायकांनी एका पुरुषाकडून घेतला.

कादंबरीचेही तसेच आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली. तिचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा होता. म्हणजे मराठी कादंबरीचा जन्मच बाईच्या दुःखावर झाला, पण लिहिणारा हात पुरुषाचा होता. पुढे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः आली. यमू नावाच्या ब्राह्मण मुलीने स्वतःची कहाणी स्वतः सांगावी, अशी तिची सबंध रचना आहे. माजघरातली कुजबुज, सासूची बोलणी, मुलीचे रुसणे-घाबरणे, विधवा झाल्यावरचे हाल हे सगळे 'मी' म्हणून, स्त्रीलिंगी क्रियापदांत आले आहे. विहारात मी एकदा यमूच्या निवेदनातला एक उतारा लेखकाचे नाव न सांगता वाचला. सगळ्यांनी बाईचे लिखाण म्हणून सांगितले. एका मुलीने तर 'हे बाईशिवाय कोणाला समजणार?' असे विचारले. नाव सांगितल्यावर ती गप्प झाली.

ह्यावरून आपट्यांचे मोठेपण कळते, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की 'बायकी' म्हणून ओळखू येणारी शैली शिकता येते, वठवता येते. जी गोष्ट पुरुषाला इतकी बेमालूम साधते ती बाईच्या देहातून आपोआप उगवते, असे कसे म्हणावे?

२. बाईने लिहिलेली बाई

आता दुसरी बाजू पाहू. स्त्रीने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणून साळूबाई तांबवेकरांच्या 'चंद्रप्रभाविरहवर्णन' (१८७३) हिचे नाव घेतले जाते. शीर्षकावरूनच ध्यानात येते की ती त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या वळणाची आहे. राजकन्या आणि विरह हा साचा पुरुष लेखकांनी रूढ केलेला होता आणि साळूबाईंनी तो उचलला. लेखणी हाती आली म्हणून शैली त्या क्षणी स्वतःची झाली नाही. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) ह्या नंतरच्या. त्यांनी वाचायला शिकताना घरातल्यांची टिंगल सोसली, आणि पुढे 'पालखीचा गोंडा' (१९२८) ह्या कादंबरीत बाईच्या हाती राज्यकारभार आला तर काय घडेल, याचे चित्र काढले. हा विषय पुरुषाला सुचला नव्हता. भाषा मात्र त्या काळच्या सुधारकी निबंधाचीच राहिली.

मग १९३३ साल येते. 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलीचे मन उघडे झाल्याने महाराष्ट्रात खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. या नावामागे कोण आहे, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. त्यांना टोपणनाव घ्यावे लागले, ही गोष्ट शैलीच्या चर्चेत विसरून चालणार नाही. इंग्लंडात शार्लट ब्राँटीने १८४६ साली 'करर बेल' हे नाव घेतले, मेरी अ‍ॅन इव्हान्स 'जॉर्ज एलियट' झाली. तेथे बायकांनी पुरुषी वाटणारी नावे घेतली. इकडे मालतीबाईंनी बाईचेच नाव घेतले, पण ते दुसऱ्या बाईचे. बाई बोलते आहे हे लपवायचे नव्हते. कोणाच्या घरची बाई बोलते आहे हे लपवायचे होते.

हा काळ मासिकांचा आहे. किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक १९३० साली निघाले. शहरांतून शिकलेल्या गृहिणींचा वाचकवर्ग तयार झाला, वाचनालये वाढली, आणि त्या वर्गाला आपले घर, आपले मन, आपले लग्न वाचायला हवे होते. 'बायकी कादंबरी' म्हणून समीक्षकांनी पुढे जिला नाके मुरडली ती या मागणीतून वाढली. घरगुती प्रसंग, हळवी भाषा, सूचक बोलणे हे तिचे विशेष एका विशिष्ट वर्गाच्या दिवाणखान्याचे विशेष आहेत. ते सगळ्या स्त्रीजातीचे नव्हते.

याचा पुरावा मालतीबाईंनीच दिला. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी काम केले होते. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसे तेथे तारेच्या कुंपणात राहत, त्यांना हजेरी द्यावी लागे. त्या अनुभवावर त्यांनी १९५० साली 'बळी' लिहिली. तो कायदा रद्द झाला तो १९५२ साली. 'कळ्यांचे निःश्वास' आणि 'बळी' एकाच बाईची पुस्तके आहेत, पण भाषा एक नाही. 'बळी'तली माणसे भांडतात, शिव्या देतात, पोलिसाला चकवतात, कुंपणाबाहेरच्या जगाकडे डोळे लावून बसतात. नाव काढून तो उतारा वाचला तेव्हा आमच्या मंडळातल्या बहुतेकांनी लेखक पुरुष असल्याचे सांगितले. बाई बदलली नव्हती, तिची उभी राहण्याची जागा बदलली होती. जागा बदलली तशी शैली बदलली.

३. व्याकरणातली बाई

येथे कोणी म्हणेल की मराठी भाषेतच स्त्री-पुरुष भेद भरलेला आहे. ते खरे आहे. इंग्रजीत 'मी गेले' आणि 'मी गेलो' यांत फरक नाही. मराठीत तोंड उघडताच कळते. हा लेख लिहिणारी बाई आहे हे मी नाव न छापताही लपवू शकणार नाही. 'मी म्हणते' असे लिहिले की संपले. तरी त्यातही एक मेख आहे. 'मी रडले', 'मी बसले', 'मी थकले' यांत बाई दिसते. 'मी पत्र लिहिले', 'मी भाकर खाल्ली', 'मी दार उघडले' यांत कर्ता बाई की पुरुष याचा पत्ता लागत नाही, कारण क्रियापद कर्माच्या मागे जाते. म्हणजे व्याकरणातली बाईसुद्धा प्रत्येक वाक्यात नसते.

आणि कोल्हापूरकडे जा. तेथल्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असे सहज म्हणतात. त्या काही कमी बायका नाहीत. पुण्याच्या पुस्तकी मराठीला जे बाईचे रूप वाटते ते बोलीत टिकतेच असे नाही. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही. 'पाणी'चे 'पानी' होते. शाळेत मुलगी 'पानी' म्हणाली की तिला अशुद्ध ठरवले जाते. मग तिने लिहिताना बोलीचा पहिला शब्द गिळला तर नवल काय? शैलीचा प्रश्न आमच्याकडे स्त्री-पुरुष भेदाच्या आधी येथे सुरू होतो.

हल्ली संगणकाने शैली तपासतात. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली इंग्रजी लेखनाचे मोठे नमुने घेऊन लेखक स्त्री की पुरुष हे सुमारे ८० टक्के वेळा बरोबर ओळखून दाखवले. स्त्रियांच्या लेखनात सर्वनामे जास्त आढळली. आकडा ऐकून माणूस दबतो. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की स्त्री-पुरुष लेखनातला हा फरक कथात्म आणि माहितीपर लेखनातल्या फरकासारखाच आहे. पुढे २००६ साली इंग्रजी दैनंदिनीवजा लेखनाच्या एका अभ्यासात लेखनप्रकार ध्यानात घेतल्यावर तो फरक लेखकाच्या लिंगाशी जुळेना, लेखनप्रकाराशी जुळला. थोडक्यात, कोण लिहिते यापेक्षा काय लिहिते आणि कोणासाठी लिहिते, याचा ठसा वाक्यावर अधिक पडतो. कोणाला काय लिहायला मिळते हे मात्र समाज ठरवतो. खरा प्रश्न तेथे आहे.

४. आमचे घराणे

आमच्या बाजूचे घराणे साळूबाईंपासून सुरू होत नाही. ते चौदाव्या शतकातल्या सोयराबाईपासून सुरू होते. तिने स्वतःला 'चोख्याची महारी' म्हणवून घेतले. तिच्या अभंगात विटाळाचा प्रश्न येतो: देह विटाळातूनच जन्मतो तर निर्मळ कोण? पुरुष संतांनीही विटाळाला प्रश्न विचारले आहेत. पण सोयराबाई जातीचा विटाळ आणि बाईच्या देहाचा विटाळ एकाच वाक्यात धरते. त्या दोहोंचा मार एकाच देहावर पडत असल्याशिवाय हे जोडता येत नाही.

मग मुक्ता साळवे. पुण्याला जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग जातीची चौदा वर्षांची मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा तिचा सवाल सगळ्यांना ठाऊक आहे. भाषणांतून तोच सांगितला जातो. पण त्याच निबंधात ती मांग-महारांच्या बाळंतिणींविषयी लिहिते. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती मांडते. धर्मचिकित्सा आणि बाळंतपण एका निबंधात येते ते बाईने लिहिले म्हणूनच. तिची वाक्यरचना मात्र मिशनरी पत्रातल्या निबंधाची, शाळेत शिकवलेली, वकिली थाटाची आहे. तिला कोणी 'कोमल' म्हणणार नाही.

आमच्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे दलित नव्हत्या. त्या सत्यशोधकी वळणाच्या घरातल्या होत्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सगळी दूषणे बायकांना का, असे पुरुषांना त्यांनी तोंडावर विचारले. भाषा भांडणाची, म्हणी-टोमण्यांची, विहिरीवर बोलावी तशी होती. गहजब झाला तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यानंतर ते पुस्तक विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापेपर्यंत. मधल्या नव्वद वर्षांत 'स्त्रीची शैली' ठरवली जात होती आणि ताराबाईंची गर्जना त्या हिशेबात नव्हती. ती असती तर शैलीची व्याख्या वेगळी झाली असती.

याशिवाय न लिहिलेले आहे. जात्यावरच्या ओव्या हे बायकांचे स्वतःचे, बायकांनी बायकांसाठी रचलेले वाङ्मय. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. 'स्त्रीशैली' नावाचे काही खरेच असेल तर ते येथे शोधावे. पण तेथे तरी काय दिसते? काम करता करता गाणे, शेजारणीला साद घालणे, एकीची ओळ दुसरीने पुढे नेणे. आमच्याकडे रोवणीच्या रांगेत हेच होते. ही शैली कामाच्या लयीची आणि सामूहिक श्रमाची आहे. जाते गेले, पिठाची गिरणी आली, तशी ओवीही मागे पडली. ती बाईच्या निसर्गातली असती तर गिरणीने संपली नसती.

आणखी एक गोष्ट आमच्या भागाची आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, बाबासाहेब हजर होते आणि बायका हजारोंनी आल्या होत्या. घटस्फोटाच्या हक्काचे आणि बहुपत्नीत्वाच्या बंदीचे ठराव तेथे झाले. आमच्या बायकांनी सार्वजनिक भाषा शिकली ती अशा मंडपांतून. हा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बायकांना भेटून गोळा केला आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' म्हणून छापला, तोवर तो आमच्याच मुलींना माहीत नव्हता.

५. चार बायका, चार भाषा

आता मुद्द्याची कसोटी. १९८० नंतर दलित स्त्रियांची आत्मकथने आली. त्यांतली चार शेजारी ठेवा.

नागपूरच्या कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे. त्या संस्कृतच्या प्राध्यापिका. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर, घोटीव, युक्तिवादाची आहे. ज्या भाषेपासून आपल्या पूर्वजांना दूर ठेवले तीच भाषा कमावून त्यांनी हत्यार केली. नोकरी मिळाली ती लग्नानंतरच्या पावडे या आडनावाला, माहेरचे सोमकुवर हे नाव वंचितच राहिले, हे त्यांनी ज्या थंड उपरोधाने लिहिले तो उपरोध कोणत्याही 'बायकी शैली'च्या चौकटीत बसत नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. किराणा दुकान चालवता चालवता त्यांनी ते लिहिले आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. त्यांची भाषा महारवाड्याची, तोंडी सांगण्याची आहे. नावातच 'आमुचं' आहे. बाळंतिणीच्या पोटातली भूक, लुगड्याचे काठ दिसू नयेत म्हणून निऱ्यांत झाकण्याची सक्ती, सुनांचे नाक कापण्यापर्यंत गेलेला छळ हे सगळे 'आम्ही' म्हणून येते. नवऱ्याचा मार त्यांनीही सोसला होता, पण तो पुस्तकात स्वतःपुरता जवळजवळ येत नाही. नंतर मुलाखतीत त्यांनी तो सांगितला. पांढरपेशा स्त्रीचे आत्मकथन नवऱ्याभोवती फिरते. बेबीताईंनी 'मी' मागे ठेवून वस्ती पुढे आणली.

शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपाने आले तेही १९८६ साली. त्या शिक्षिका. निवृत्तीनंतर लिहायला बसल्या. वाक्ये आखूड, साधी. फळ्यावर लिहावीत तशी. दुःख सांगतानाही त्या सूर चढवत नाहीत. आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ चे. कोकणातल्या त्यांच्या आईने आयदाने विणून घर चालवले. त्या विणीवरून नाव आले. पवारांच्या भाषेत विनोद आहे, मिश्किलपणा आहे आणि चळवळीतल्या पुरुषांच्या घरातल्या वागण्यावर बोट ठेवण्याचे धैर्य आहे.

या चौघी बौद्ध समाजातल्या, आंबेडकरी विचाराच्या, सगळ्या स्त्रिया. वाक्य घ्याल तर एकीचे दुसरीशी जुळत नाही. मग समान काय? माझ्या मते समान आहे ती मोजदाद. घरात शेवटी कोण जेवले, भाकरी किती उरली, बाळंतिणीला काय मिळाले, मार कोणी खाल्ला, मुलीची शाळा कोणी थांबवली, सभेला जाताना मूल कोणाजवळ ठेवले याचा हिशेब या चारही पुस्तकांत आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही आमच्या साहित्याची थोर पुस्तके आहेत. त्यांतही आई आहे, बायको आहे, भूक आहे. पण तेथे आईकडे मुलगा पाहतो. येथे आईच्या जागेवरून जग पाहिले जाते. जागेचा हा फरक आहे. त्याला शैली म्हणायचे असेल तर म्हणा, पण ती देहातून आलेली नाही. ती चुलीपुढच्या, बांधीतल्या, शेवटच्या पंगतीतल्या जागेवरून आली.

६. मग कादंबरी कोठे?

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली लिहिले की बाईला लिहायचे तर स्वतःचे पैसे हवेत आणि स्वतःची खोली हवी. चळवळीतल्या शिकलेल्या बायका हे मत नेहमी सांगतात. त्यावर अमेरिकेतल्या काळ्या लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७४ च्या एका निबंधात प्रश्न केला: फिलिस व्हीटली गुलाम होती, खोली सोडा, स्वतःच्या देहावरही तिची मालकी नव्हती, तिचे काय? आणि आपल्या आयांची कला वॉकरना गोधड्यांत आणि बागांत सापडली. आमच्या उर्मिलाबाईंना ती आयदानात सापडली. दोघींची गावे हजारो मैलांवर आहेत, जागा एक आहे.

तरीही वुल्फबाईंचे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही. दलित स्त्रियांनी कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली. कादंबऱ्या त्या मानाने फार थोड्या. ओवी काम करता करता होते. कविता स्वयंपाक उरकून लिहिता येते. आत्मकथन निवृत्तीनंतर किंवा गल्ल्यावर बसून लपूनछपून होते. कादंबरीला सलग महिने लागतात, टेबल लागते, 'मला आता हाक मारू नका' असे म्हणण्याचा अधिकार लागतो. हजार विड्या वळल्याखेरीज जिचा दिवस भरत नाही तिला तो अधिकार नाही. कादंबरी नसण्याचे कारण प्रतिभेत शोधू नका, दिवसाच्या वाटणीत शोधा. धुळ्याकडच्या आदिवासी लेखिका नजूबाई गावित यांनी चळवळीत आयुष्य घालवून 'तृष्णा' ही कादंबरी लिहिली. ती का वाचली जात नाही, हा प्रश्न मी आमच्या मंडळातही विचारते.

दुसरा अडसर वाचणाऱ्यांचा आहे. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रिया वेगळे बोलतात, हा विचार मांडला. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या पुस्तकात या आत्मकथनांना सामाजिक साक्षीचा दर्जा दिला. दोघांचे काम मोलाचे आहे. पण 'साक्ष' हा शब्द विद्यापीठात पोचला की त्याचे दुसरेच होते. साक्षीदाराने काय पाहिले ते विचारतात. कसे सांगितले ते विचारत नाहीत. बेबीताईंच्या 'आम्ही'ची कलाकुसर, पावडेबाईंचा उपरोध, शांताबाईंचा आवरलेला सूर यांवर समीक्षा किती लिहिली गेली? २०२५ च्या दिल्लीच्या ९८ व्या साहित्य संमेलनापर्यंत सहा स्त्रिया अध्यक्ष झाल्या. १९६१ साली ग्वाल्हेरला आमच्या विदर्भाच्या कुसुमावती देशपांडे पहिल्या. त्या सहांत दलित बाई नाही. आमच्याकडून साक्ष घेतली जाते. साहित्य म्हणून मोजायची वेळ आली की वही मिटते.

म्हणून विद्यार्थिनींना माझे उत्तर असे. जन्मजात स्त्रीशैली मला इतिहासात सापडली नाही. पुरुषांनी ती वठवलेली सापडली, एका वर्गाच्या बाजाराने ती घडवलेली सापडली, आणि तिच्या मापाने आमच्या बायकांना दोनदा नापास केलेले सापडले. साहित्यिक नाही म्हणून एकदा आणि पुरेशी बायकी नाही म्हणून दुसऱ्यांदा. मात्र बाईची जागा सापडली, आणि त्या जागेवरून दिसणारे जग दुसरीकडून दिसत नाही हेही सापडले.

याचा कामाच्या दृष्टीने अर्थ साधा आहे. शिक्षकांनी मुलीची बोली लाल शाईने खोडू नये. 'पानी' लिहिले तर 'पानी' राहू द्यावे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, भाषा 'सुधारून' नव्हे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी ही पुस्तके समाजशास्त्राच्या पुरवणीतून काढून साहित्याच्या तासाला आणावीत. आणि आमच्या चळवळीतल्या भावांना एवढेच सांगते की, वर्षातून एकदा आठ मार्चला बाईचा सत्कार करण्यापेक्षा आठवड्यातून दोन संध्याकाळी चूल सांभाळा. त्या दोन संध्याकाळी ती काय लिहील आणि कोणत्या शैलीत लिहील, ते ती लिहू लागली म्हणजे कळेल.